न आवडणाऱ्या नायकाच्या आसपासची माणसं

'कोसला' वाचताना पांडुरंग सांगवीकराचा राग आला, असं कुणी सांगितलं की मला बरं वाटतं. त्यापुढे 'म्हणून पुस्तक अर्ध्यावरच ठेवून दिलं, काही दम नाही त्यात' असं आलं की मात्र वाद घालावासा वाटतो. हे दुसरं वाक्य हल्ली फार ऐकू येतं. वाचनगटांत येतं, संमेलनाच्या मांडवाबाहेर येतं, कॉलेजातल्या मराठीच्या वर्गातही येतं. नायक आत्मकेंद्री आहे, बापाच्या पैशावर जगतो, कुणाचं भलं करत नाही, त्याच्याशी रिलेट होता येत नाही. तेव्हा कादंबरी फसली. नायकाच्या वागणुकीचे गुण मांडायचे आणि तीच बेरीज कादंबरीच्या नावावर लिहायची, ही रीत मला नुसती चुकीची वाटत नाही, नुकसान करणारी वाटते. तिच्यामुळे कादंबरीतली ज्यांच्याकडे खरोखर लक्ष जायला हवं ती माणसं आपल्या हातून निसटतात.

म्हणजे कोणती माणसं? नायकाच्या आसपासची. त्याने ज्यांना दुखावलं, ज्यांच्याकडे पाहिलं नाही, ज्यांच्याविषयी तो अर्धवट किंवा सरळ खोटं सांगतो, ती. माझा सगळा मुद्दा या माणसांपाशी आहे. आवडता नायक जे सांगतो ते आपण खरं धरतो. त्याला बाप कठोर वाटला की आपल्यालाही वाटतो, त्याला बायको समजूतदार वाटली नाही की आपण तिला मनातून काढून टाकतो. नावडता नायक ही सोय ठेवत नाही. त्याच्या शब्दावर विश्वास बसत नाही, म्हणून आपण त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतो, आणि पलीकडे कुणीतरी उभं असतं.

नायकाकडून सद्वर्तनाची मागणी काही आजची नाही. तिचा सगळ्यात स्पष्ट उच्चार पॅरिसच्या न्यायालयात झाला होता. गुस्ताव फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' १८५६ साली 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकातून क्रमशः छापली गेली आणि १८५७च्या जानेवारीत लेखक, नियतकालिकाचा चालक आणि मुद्रक यांच्यावर सार्वजनिक व धार्मिक नीतिमत्तेचा भंग केल्याचा खटला उभा राहिला. सरकारी वकील होता एर्नेस्त पिनार. एमाचे व्यभिचार पुस्तकात आहेत एवढ्यावर तो थांबला नाही. त्याची खरी तक्रार अशी होती, की या बाईला दोषी ठरवील असं एकही माणूस संपूर्ण पुस्तकात नाही. नवरा बावळट, धर्मगुरू उथळ, औषधविक्या ओमे बढाईखोर. तिला मान खाली घालायला लावण्याइतकी उंची कुणालाच दिलेली नाही. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच पिनारने बोदलेरच्या कवितासंग्रहावर खटला चालवला आणि त्यात मात्र शिक्षा मिळवली.

पिनारला मी मूर्ख समजत नाही. त्याने पुस्तक बारकाईने वाचलं होतं आणि त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पुस्तकात न्याय देणारा कुणी नाही, हे त्याला दिसलं. पण ती जागा वाचकासाठी मोकळी ठेवली आहे, हे त्याला दिसलं नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली : बेर्त. एमाची लहानगी मुलगी. ती आईला बिलगायला जाते आणि आई तिला कोपराने ढकलते; पोर पडते, गालाला लागतं. पुढे झोपलेल्या त्या मुलीकडे बघताना आईच्या मनात एवढंच येतं की ही पोर दिसायला किती कुरूप आहे. पुढे एमा कर्जात बुडते, आर्सेनिक खाऊन मरते, मागोमाग नवराही जातो, आणि अगदी शेवटच्या पानावर बेर्त सुताच्या गिरणीत पोट भरायला जाते. फ्लोबेर तिथे हळहळत नाही, उपदेशही करत नाही. पिनार एमाच्या प्रियकरांवर बोलत राहिला. एमाचा मनापासून राग आलेला वाचक बेर्तला विसरत नाही, कारण तो राग बेर्तच्याच बाजूचा असतो. एमावर अशी माया केली असती, की तिचं सगळंच क्षम्य वाटावं, तर ही मुलगी कथानकाच्या कडेला पडलेली एक वस्तू झाली असती.

पिनारने जे माणूस फ्लोबेरकडे मागितलं ते मराठीत वि. स. खांडेकरांनी आपण होऊन दिलं. 'ययाति' १९५९ची. तिला १९६० साली साहित्य अकादमी आणि १९७४ साली ज्ञानपीठ मिळालं. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. ययाति हा काही आवडावा असा माणूस नाही. भोगामागे धावतो, देवयानीशी प्रतारणा करतो, शेवटी पोटच्या मुलाचं तारुण्य मागून घेतो. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आळीपाळीने बोलू दिलं, ही त्या काळच्या मराठीत मोठी गोष्ट होती, आणि देवयानीचा अहंकार तिच्याच तोंडून ऐकताना आपण अस्वस्थही होतो. पण या तिघांच्या वर कच आहे. संयमी, विचारी, प्रेमाला विरक्तीची जोड देणारा कच. ययाति घसरला की वाचकाला कचाचा आधार असतो, आणि शेवटी पश्चात्तापही असतो. लाखो वाचकांना या कादंबरीने जे दिलं त्याचा मी अनादर करत नाही; माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ती एकुलती एक कादंबरी होती. तरी सांगायला हवं, की कच असल्यामुळे वाचकाचं काम हलकं होतं. काय चुकलं हे त्याला शोधावं लागत नाही, कुणीतरी सांगतं. आज ज्याला 'नायक आवडत नाही' म्हणतात त्या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा हीच सवय असते. नायक वाईट असला तरी चालतो, पण पुस्तकात कच हवा.

भालचंद्र नेमाड्यांनी कच दिला नाही. १९६३ साली 'कोसला' आली तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि पांडुरंगही पंचविशीतला. खानदेशातल्या सांगवीचा हा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, वडिलांनी पाठवलेले पैसे उडवतो, परीक्षेत नापास होतो आणि हात हलवत गावी परततो. मधल्या काळात तो जगातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीची टर उडवतो. प्राध्यापक, वक्तृत्वस्पर्धा, मैत्री, देशभक्ती, इतिहास, स्वतःचं भविष्य, काहीच सुटत नाही. दोनशे पानं हा स्वर ऐकून वाचक कंटाळला तर ते वाचकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो कंटाळा त्या माणसाबरोबर राहण्यातून येतो आणि तो खरा आहे.

पण वडिलांकडे बघा. पांडुरंगाच्या लेखी ते हिशेबी, हुकूमशहा, पैशापलीकडे काही न कळणारे. गावात वजन असलेला मोठा शेतकरी, मुलाने आपल्यासारखं व्हावं म्हणून धडपडणारा. पांडुरंग त्यांच्याविषयी इतक्या कडवटपणे बोलतो, की आपल्याला लवकरच संशय येतो. हा मुलगा अन्याय करतो आहे. मग आपण मुलाच्या वाक्यांतून वडिलांचं वेगळं चित्र जमवायला लागतो. पैसे येत राहतात. मुलगा नापास होतो, तरी घराचं दार बंद होत नाही. जो माणूस शेतीतून उभं केलेलं सगळं एका मुलाच्या हाती द्यायला बसला आहे आणि मुलाला त्यात रस नाही, त्या माणसाचं दुःख पांडुरंग एकदाही सांगत नाही. तरी ते पुस्तकात आहे. खानदेश-विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या किती घरांनी स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत मुलाला पुण्या-मुंबईला शिकायला पाठवलं आणि किती घरांत तो मुलगा परका होऊन परत आला! त्या बापांची बाजू मराठीत कुणी लिहिली? माझ्या मते पांडुरंगाने लिहिली, त्याच्या मनात नसताना. पांडुरंग समंजस, कृतज्ञ, गोड स्वभावाचा असता तर तो वडिलांचं कौतुक करून मोकळा झाला असता, किंवा मग आपण त्याच्या तक्रारी जशाच्या तशा मानून वडिलांना खलनायक ठरवलं असतं. दोन्ही बाजूंनी वडील हरवले असते.

मनीचंही असंच. ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते तेव्हा हा लांब पुण्यात असतो. त्यानंतरची पानं मराठीतली शोकाची सगळ्यात खरी पानं आहेत, असं मी बेधडक म्हणतो. त्यांतला शोक शहाणा नाही. तो घरच्यांवर उलटतो, क्रूर बोलतो, काय बोलतो आहे याचं भान सोडतो. चांगल्या माणसाने असं बोलू नये. पण चांगल्या माणसाचा शोक आपल्या ओळखीचा असतो आणि ओळखीच्या शोकावरून डोळा सहज पुढे सरकतो. ज्याने आजवर कशाचीच किंमत ठेवली नाही त्याच्या हातून एक पोर निसटते आणि त्याच्या जिभेला दुसरी वाट राहत नाही, तेव्हा ती पोर किती लहान होती, घरात तिच्याकडे कुणाचं किती लक्ष होतं, हे आपल्याला लख्ख दिसतं. जो वाचक शंभराव्या पानावर पांडुरंगाला सोडून गेला त्याला मनी भेटलीच नाही. माझा राग त्या वाचकावर नाही; 'आवडलं नाही तर सोडून दे' हा सल्ला त्याला शहाणपण म्हणून देणाऱ्यांवर आहे.

'कोसला'च्या चोवीस वर्षं आधी, १९३९ साली, विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आली. मराठीतली ही एक अत्यंत देखणी आणि अत्यंत निष्ठुर कादंबरी आहे. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, महायुद्ध तोंडावर आलेलं, आणि त्या बोटीवर चक्रधर विध्वंस. उमा नावाच्या मुलीवरच्या प्रेमात तोंड पोळलेला, म्हणून आता स्त्रियांकडे तुच्छतेने बघणारा, स्वतःच्या कडवटपणालाच परिपक्वता समजणारा तरुण. हेर्टा ही ज्यू मुलगी त्याच्यावर जीव टाकते. तिला देश नाही, भविष्य नाही. मुंबईला तो उतरतो आणि तिला पुढच्या प्रवासाला जाऊ देतो. मागून तिची पत्रं येतात. ती समुद्रात उडी घेऊन संपते.

चक्रधरने काही गुन्हा केला आहे का? कायद्याच्या नजरेत नाही. त्याने फक्त वेळेवर काही केलं नाही. म्हणूनच त्याचा संताप येतो. पण याच संतापामुळे हेर्टा नुसती प्रेमकथेतली नायिका राहत नाही. तिच्यावर जे गुदरलं त्यात हिटलरचा वाटा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेडेकरांनी दाखवलं की एका सुशिक्षित, बोलक्या, स्वतःला संवेदनशील समजणाऱ्या मराठी माणसाचाही वाटा असू शकतो. चक्रधर धीट असता, त्याने तिला मुंबईत ठेवून घेतलं असतं, तर वाचक समाधानाने झोपला असता आणि बोटीवरचे बाकीचे ज्यू त्याच्या डोक्यातून गेले असते. १९३९ साली, छळाच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असताना, मराठी वाचकाला असं समाधान नाकारणं हे बेडेकरांचं धैर्य होतं. नायक सुधारून त्यांनी ते धैर्य दाखवलं नसतं.

एक आक्षेप पटकन बाजूला करतो, कारण त्यात फार अर्थ नाही : लेखकाला नायकाचं वागणं मान्य आहे, म्हणूनच त्याने असा नायक रंगवला. नेमाडे सांगवीचे आणि पांडुरंगही सांगवीचा, तेव्हा दोघे एकच. १९६५ साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली तेव्हाही याच समजुतीवर झोड उठली आणि आचार्य अत्र्यांसारखा मोठा माणूस तिच्यात पुढे होता. पोक्या आणि त्याची टोळी नाक्यावर उभं राहून मुलींविषयी जे बोलते ते भाऊंचंच मत, अशा थाटात हल्ले झाले. पण पोक्याच्याच तोंडून त्या मुलींच्या घरातली कोंडी, त्यांची लग्नं, त्यांच्या फसगती कळत जातात. मुंबईतल्या चाळीत मुलगी वयात येणं म्हणजे काय, हे त्या काळच्या सभ्य कादंबऱ्यांपेक्षा या बदनाम पुस्तकात जास्त कळतं. टोळीची भाषा सहन न झाल्यामुळे ज्यांनी पुस्तक मिटलं त्यांनी मुलींची बाजू घेतली असं त्यांना वाटलं असेल. मुलींचं ऐकून घेण्याची संधी मात्र त्यांनी सोडली.

आता दुसरा आक्षेप. हा हलका नाही. तो बहुतेकदा बायका घेतात आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. स्वतःत बुडालेले, इतरांना वापरून घेणारे, वर स्वतःचं दुःख ऐकवणारे पुरुष आम्ही घरात पाहिले, ऑफिसात पाहिले. आता रात्री निवांत वेळ मिळाला तर पुस्तकातही त्याच माणसाचं ऐकत बसायचं का? का बसायचं?

पहिली गोष्ट, बसलंच पाहिजे असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. स्वतःच्या शांततेसाठी पुस्तक बाजूला ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्यासाठी कारण द्यायची गरज नाही. फक्त तो निर्णय स्वतःविषयीचा आहे, पुस्तकाविषयीचा निकाल नाही, एवढं वेगळं ठेवावं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घरातल्या अशा माणसाची खरी ताकद कशात असते? घराची गोष्ट तोच सांगतो, यात. काय झालं, कुणामुळे झालं, कोण कजाग आणि कोण सोशिक, हे त्याच्या सांगण्यावर ठरतं, आणि नातेवाईक वर्षानुवर्षं तेच खरं धरून चालतात. कादंबरीकार नेमकं हे हत्यार त्याच्याकडून काढून घेतो. त्याला हवं तितकं बोलू देतो, आणि त्याच्याच बोलण्यात त्याच्याविरुद्धचा पुरावा ठेवतो. आयुष्यात जे बाईला सिद्ध करता येत नाही ते इथे सिद्ध होतं.

व्लादिमिर नबोकोव्हची 'लोलिता' (१९५५) हे याचं सगळ्यात कठीण उदाहरण. हंबर्ट हंबर्ट हा लहान मुलीवर अत्याचार करणारा माणूस आहे आणि तो कमालीचा सुंदर बोलतो. शब्दांनी तो वाचकाला जवळजवळ आपल्याकडे ओढतो. पण मध्येच, लांबलेल्या मोटारप्रवासाच्या वर्णनाच्या शेवटी, तो ओझरतं सांगून जातो की रोज रात्री मी झोपल्याचं सोंग घेतलं की ती मुलगी रडायची. एवढंच सांगतो आणि पुढे जातो. जो वाचक त्याच्या बोलण्याला भुलला तो या ओळीवरून सरकतो. ज्याला तो पहिल्यापासून असह्य झाला आहे तो मात्र तिथे थांबतो, मागची सगळी पानं त्याच्या डोळ्यांपुढून पुन्हा जातात, आणि त्या प्रवासातल्या प्रत्येक रात्रीचा आवाज त्याला ऐकू येतो. पुस्तकाच्या सुरुवातीला एका काल्पनिक संपादकाची प्रस्तावना आहे. तिच्यात मिसेस रिचर्ड शिलर नावाची एक बाई १९५२च्या नाताळच्या दिवशी बाळंतपणात दगावल्याची नोंद येते. ही शिलर म्हणजेच ती मुलगी, डोलोरेस, हे कळायला पुस्तक जवळजवळ संपावं लागतं. हंबर्टला तिचं हे मरण माहीतच नसतं. नबोकोव्हने ते त्याच्या हाती दिलं नाही, वाचकाच्या हाती दिलं. हंबर्ट आवडायला लावणं हा त्या पुस्तकाचा सापळा आहे. म्हणून तो न आवडणं हीच ते पुस्तक वाचण्याची योग्य रीत आहे.

नायिका असली की हीच तक्रार जास्त कडक होते, हेही सांगून टाकायला हवं. पुरुषाबद्दल वाचक विचारतो, 'हा असा का?' बाईबद्दल म्हणतो, 'हिने असं करायला नको होतं.' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या, अविवाहित मुलींची मनं उघड केली म्हणून केवढं काहूर उठलं आणि टोपणनावाआडच्या बाईचा कसा शोध घेतला गेला, हे आपल्या वाङ्मयीन इतिहासात नोंदलेलं आहे. त्या मालतीबाई, पुढे विश्राम बेडेकरांच्या पत्नी. गौरी देशपांड्यांच्या नायिकांविषयी मी आजही ऐकतो : सुखवस्तू आहेत, परदेशात फिरतात, संसाराची किंमत ठेवत नाहीत, स्वतःपलीकडे बघत नाहीत. 'एकेक पान गळावया' असो की 'थांग', आरोप ठरलेले. त्यांतले काही खरेही आहेत. पण ही बाई स्वतःच्या मनाशी हिशेब करताना स्वतःला सूट देत नाही, आणि त्या हिशेबात तिच्या जवळची माणसं, नवरा, मुली, मित्र, एकेक करून स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहतात. गौरीबाईंनी तिला लाघवी केलं असतं तर आपण तिला टाळ्या दिल्या असत्या आणि तिच्या नवऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

मी ज्या बाजूने लिहितो आहे त्या बाजूलाही एक खोट शिरली आहे आणि ती मला तितकीच नकोशी वाटते. नायक जितका हीन तितकं पुस्तक खोल, असा एक समज. शिव्या, दारू, बायकांची विटंबना, घाण, नैराश्य यांची भर घातली की साहित्यिक कादंबरी तयार होते असं मानणारे लेखक आहेत, आणि त्याला शौर्य म्हणणारे समीक्षकही आहेत. वाचकाने अशा पुस्तकाचा तिटकारा केला तर मी वाचकाच्या बाजूला उभा राहीन. फरक कसा करायचा? माझी कसोटी एकच : नायकाने ज्यांना दुखावलं ती माणसं जिवंत होतात का? दोस्तोयेव्स्कीच्या 'तळघरातल्या टिपणां'मधला (१८६४) सांगणारा माणूस आजही अंगावर येतो. तो वेश्यालयातल्या लिझाला मोठा उपदेश करतो, तिला घरी बोलावतो, मग तिचा अपमान करतो आणि तिच्या मुठीत पैसे कोंबतो. ती निघून गेल्यावर त्याला टेबलावर चुरगळलेली पाच रुबलांची नोट दिसते. लिझाला फार थोडी पानं मिळाली आहेत. पण ती नोट मागे ठेवून गेलेली मुलगी त्या अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात ताठ माणूस आहे, आणि ते आपल्याला तिचा अपमान करणाऱ्याच्याच तोंडून कळतं. अशी लिझा नसेल, नुसता तळघरातला माणूसच बडबडत असेल, तर पुस्तक खुशाल ठेवून द्यावं.

ही कसोटी मी माझ्या आवडत्या पुस्तकांनाही लावतो. 'कोसला'तले वडील आणि मनी तिच्यावर उतरतात; कॉलेजातल्या मुली उतरत नाहीत, त्या ओझरत्या येतात आणि ओझरत्या जातात. हा दोष मला दिसतो. तो कादंबरीचा आहे, पांडुरंगाच्या स्वभावाचा नाही, आणि तो दाखवायला पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं.

आल्बेर कामूची 'द आउटसायडर' (१९४२) याहून मोठ्या चुकीने अडते. मर्सो अल्जिअर्सजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. खटल्यात खल होतो तो आईच्या अंत्यविधीला मर्सो रडला नाही याचा. मेलेल्या माणसाला नाव नाही. न्यायालयात नाही, मर्सोच्या मनात नाही, आणि कामूच्या पानांवरही नाही. मर्सोच्या थंडपणाला तत्त्वज्ञान म्हणून डोक्यावर घेणाऱ्या वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना ती रिकामी जागा फारशी खटकली नाही. अल्जीरियातल्या कामेल दाऊदला खटकली. त्याने पुस्तक मिटून 'नायक आवडला नाही' म्हटलं नाही. त्याने उलटतपासणी केली आणि २०१३ साली स्वतःची कादंबरी लिहिली, 'मर्सो, प्रतितपास'. तिच्यात मेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ हारून बोलतो. मेलेल्याला नाव मिळतं : मूसा. त्याला आई मिळते, घर मिळतं, प्रेत न सापडल्याची पन्नास-साठ वर्षांची ठणक मिळते.

आणि हा हारूनही गोड माणूस नाही. ओरानच्या बारमध्ये दारू पीत बसलेला, आईवर, देवावर, देशावर चिडलेला म्हातारा आहे तो. १९६२ साली, स्वातंत्र्य मिळून काही दिवस झाले असताना, त्याने एका फ्रेंच माणसाला रात्री गोळी घातली होती. त्याला पकडणाऱ्या अधिकाऱ्याची तक्रार एवढीच, की हे तू युद्ध चालू असताना का केलं नाहीस. मूसाचा न्याय मागायला दाऊदला एखादा सज्जन, निर्दोष भाऊ सहज उभा करता आला असता. त्याने खुनी भाऊ उभा केला, आणि त्या फ्रेंच माणसाला मात्र नाव दिलं : जोसेफ.